मांजराचा कॅन्सर आणि दारातली सदाफुली



आपल्या दारात, तुळशीच्या आजूबाजूला कुठेतरी सदाफुली असतेच. पाणी घालायचं विसरलं तरी फुलते, शेळी तिला तोंड लावत नाही, म्हणून आपणही तिच्याकडे फारसं बघत नाही. आजची गोष्ट फिरून या झाडापाशी येणार आहे. पण सुरुवात मांजरापासून करू.

गेल्या महिन्यात एका बचत गटातल्या ताईंनी प्रश्न पाठवला. त्यांच्या मनीच्या पोटाला, सडाजवळ गाठ लागली. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर असू शकतो, ऑपरेशन करायचं का ते तुम्ही ठरवा. घरातले हसले. मांजराला कुठं कॅन्सर होतो का, आणि झाला तरी त्यावर पैसे घालायचे का? ताईंनी विचारलं, मी वेडी आहे का?

नाही ताई. आणि हा प्रश्न तुमच्या एकटीचाही नाही. आजारी जनावरावर खर्च करायचा का, आणि कोणत्या जनावरावर, हे माणसं फार वर्षं ठरवत आली आहेत. बहुतेक वेळा उत्तर कामावरून ठरलं. बैल नांगर ओढतो, म्हैस दूध देते, म्हणून त्यांना औषध. मुंबईत १८७४ साली जनावरांवरचे अत्याचार थांबवण्यासाठी संस्था निघाली. त्यानंतर दहा वर्षांच्या आत परळला जनावरांचं इस्पितळ उभं राहिलं. गिरणीमालक सर दिनशा पेटिट यांनी त्याला मोठी देणगी दिली आणि पत्नी साकरबाईंचं नाव दिलं. १८८६ मध्ये तिथेच पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. त्या काळचे तिथले रोगी म्हणजे मुख्यतः गाडीचे बैल आणि घोडे. मांजरही काम करायचंच, कणगीतलं धान्य उंदरांपासून राखायचं. पण ते गुपचूप करायचं, म्हणून हिशेबात धरलं जायचं नाही. घरातल्या बाईच्या कामासारखंच म्हणा ना.

मांजर हिशेबात आलं त्यात बायकांचा हात होता, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात एलिन प्रिन्स स्पेयर नावाच्या बाईंनी १९०६ साली बायकांची एक संघटना बांधली, जनावरांसाठी. या बायकांनी १९१० मध्ये शहराच्या गरीब वस्तीत मोफत दवाखाना उघडला, कारण श्रीमंताच्या घोड्याला डॉक्टर मिळायचा आणि हातगाडीवाल्याच्या घोड्याला मिळायचा नाही. त्याच दवाखान्याचं पुढे मोठं इस्पितळ झालं. कुत्र्यामांजरांच्या कॅन्सरवर लवकर काम सुरू करणाऱ्या जागांपैकी ते एक आहे.

आता स्कॉटलंड देशातल्या ग्लासगो शहरात जाऊ. तिथे विल्यम जॅरेट हे जनावरांचे डॉक्टर आणि संशोधक होते. त्यांच्या कानावर आलं की एका घरात बरीच मांजरं आहेत आणि त्यातली एकामागून एक कॅन्सरने दगावतायत. एकाच घरात इतकी कशी? १९६४ साली जॅरेट आणि त्यांच्या सोबत्यांनी दाखवलं की मांजरांच्या या रक्ताच्या आणि गाठींच्या कॅन्सरमागे एक विषाणू आहे. तो लाळेतून पसरतो. मांजरं एकमेकींना चाटतात, एका ताटलीत खातात, तेवढं त्याला पुरतं. माणसाला मात्र हा विषाणू लागत नाही. ही भीती तेव्हा खूप लोकांना होती, शास्त्रज्ञांनी ती तपासली आणि तसं काही सापडलं नाही. तेव्हा मांजराच्या कॅन्सरने लेकरांना काही होईल म्हणून कुणी मांजर रानात सोडून येत असेल, तर त्यांना एवढं जरूर सांगा.

पुढचा भाग मला जरा दुखतो. १९७३ मध्ये विल्यम हार्डी यांनी अमेरिकेत या विषाणूची रक्ततपासणी आणली. चांगली गोष्ट होती, कारण लागण झालेलं मांजर वेगळं ठेवता येऊ लागलं. पण वेगळं ठेवणं सगळ्यांना परवडत नाही. त्या वर्षांत कितीतरी मांजरं केवळ तपासणीत विषाणू दिसला म्हणून मारली गेली, खातीपिती, खेळती असताना. नंतर कळलं की काही मांजरांचं अंग विषाणूला स्वतःच हटवतं, आणि काही लागण असूनही वर्षानुवर्षं जगतात. १९८५ मध्ये लसही आली. तोवर जी गेली ती गेली. रिपोर्ट हातात आला म्हणजे निर्णय झाला, असं नसतं. रिपोर्ट आजाराबद्दल सांगतो. मांजर आज कसं आहे, हे तिला रोज खाऊ घालणारीच सांगू शकते.

आणि औषध? इथे आपली सदाफुली येते. हे झाड मूळचं मादागास्कर बेटाचं. मधुमेहाला चांगला म्हणून तिच्या पानांचा काढा पुष्कळ देशांत पितात, आपल्याकडेही. १९५० नंतरच्या दहा वर्षांत कॅनडातले रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर जमैकाहून आलेल्या पानांची परीक्षा करत होते. उंदरांची साखर काही उतरली नाही, पण त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी झाल्या. ज्या कॅन्सरमध्ये पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, त्यावर हे चालेल, हे त्यांच्या लक्षात आलं. १९५८ मध्ये पहिलं औषध वेगळं काढलं. त्याच पानांतून निघालेल्या दुसऱ्या औषधाला, व्हिन्क्रिस्टीनला, १९६३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर ते आजही देतात. शेकडो किलो वाळल्या पाल्यातून ग्रॅमभर औषध मिळतं. म्हणून बायांनो, सदाफुलीची पानं वाटून मांजराला किंवा माणसाला देऊ नका. झाड विषारी आहे, आणि मात्रेचा थोडा फरकही जिवावर बेततो.

हेच व्हिन्क्रिस्टीन, सोबत आणखी दोन औषधं, मांजराच्या गाठींच्या कॅन्सरवर दिली जाऊ लागली. सुरुवातीला आठवड्याला एक इंजेक्शन, मग अंतर वाढवत तीन आठवड्यांनी. ऐकून वाटतं, त्या बिचाऱ्या जिवाला किती छळायचं! आपण माणसांची केमो पाहिलेली असते, उलट्या, टक्कल, अंथरूण. पण मांजराची केमो तशी नसते. माणसाला रोग समूळ काढायला जोरदार मात्रा देतात. मांजराला मुद्दाम कमी देतात, कारण हेतू वेगळा असतो, आहेत ते दिवस बरे जावेत एवढाच. अंगावरचे केस सहसा जात नाहीत, मिशा मात्र गळतात. एखाद-दोन दिवस भूक मंदावते. या कॅन्सरमध्ये उपचाराविना बहुतेक मांजरं एक-दोन महिन्यांत जातात. औषध लागू पडलं तर काही महिने, कधी वर्षभर, थोड्यांना त्याहून जास्त मिळतं. काहींना लागू पडतच नाही. आतड्याच्या कॅन्सरचा एक सावकाश वाढणारा प्रकार आहे, त्यात घरी गोळ्या देऊनही मांजरं अनेकदा दोन-दोन वर्षं काढतात. म्हणून ‘कॅन्सर’ एवढाच शब्द ऐकून घरी परतू नका. कोणता कॅन्सर, हे विचारा.

ताईंच्या मनीची गाठ सडाची आहे. मांजराच्या सडाच्या दहा गाठींत आठ-नऊ कॅन्सरच्याच असतात, त्यामुळे थांबून बघू म्हणण्यात अर्थ नाही. इथे सगळा खेळ आकाराचा आहे. गाठ २ सेंटीमीटरहून लहान असताना, म्हणजे साधारण बोराएवढी असताना काढली, तर मांजर काही वर्षं जगू शकतं. ३ सेंटीमीटरच्या पुढे गेली की बहुतेकदा महिनेच हातात राहतात. आधी छातीचा एक्सरे काढतात. फुप्फुसात पसरलेला असेल तर ऑपरेशनने मांजराला काही मिळत नाही, नुसती जखम मिळते. तेव्हा नको म्हणणं हीसुद्धा मायाच आहे. आणि ज्यांच्याकडे लहान पिल्लू आहे त्यांनी ऐका: सहा महिन्यांच्या आत नसबंदी केली तर हा कॅन्सर होण्याची शक्यता सुमारे ९१ टक्क्यांनी कमी होते, असं २००५ च्या एका अभ्यासात दिसलं. पिल्लं होऊ नयेत म्हणून हार्मोनची इंजेक्शनं देतात, त्यांनी मात्र धोका वाढतो. पांढऱ्या मांजराच्या कानाच्या टोकाला न भरणारी खपली दिसली, तर तीही दाखवा. तो उन्हाचा कॅन्सर असू शकतो, आणि वेळेत कानाची पाळी काढली तर मांजर बऱ्याचदा पूर्ण बरं होतं.

मग ठरवायचं कसं? मांजर दुखणं लपवतं, हीच मोठी अडचण. २००४ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅलिस व्हिलालोबोस या पशुवैद्य बाईंनी एक साधी मोजणी दिली. वेदना आणि श्वास, भूक, पाणी, अंगाची स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला ० ते १० गुण, चांगलं असेल तर जास्त. सातांची बेरीज ३५ च्या वर असेल तर जगणं अजून सुसह्य आहे. मला यातली शेवटची गोष्ट सगळ्यात उपयोगाची वाटते. भिंतीवरच्या ज्या कॅलेंडरवर आपण दुधाचे खाडे लिहितो, त्यावरच रोज रात्री बरोबरची खूण किंवा फुली करायची. घरात वाद झाला की कॅलेंडर दाखवता येतं.

पैशाचं लपवू नका. पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारा, पूर्ण उपचाराला किती लागतील, अर्ध्यात सोडलं तर काय होईल, आणि काहीच मोठं न करता वेदना कमी ठेवता येतील का. हा शेवटचा मार्गही खरा उपचार आहे. लेकीच्या फीचे पैसे मोडून केमो करणं कुणी मागत नाही. उलट, साठवलेल्या आपल्या पैशातून मनीचं ऑपरेशन करणाऱ्या बाईला कुणी हसायचंही कारण नाही. तालुक्याला सोय नसेल तर परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यक महाविद्यालयांत चौकशी करा. वेळेचाही हिशेब करा, कारण गोळ्या चारणं, शी-शू काढणं आपल्याच वाट्याला येतं. केमो चालू असताना ते काम हातमोजे घालून करायचं, आणि गरोदर बाईने करायचंच नाही.

एक गोष्ट मात्र कुणीही करू नका. दुखतंय म्हणून माणसाची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराला मारू शकते. तिच्या यकृताला ती पचवता येत नाही.

आणि कॅलेंडरवर फुल्या जास्त झाल्या, मनी पाण्याकडेही बघेना, तर डॉक्टर तिला शांतपणे निरोप देऊ शकतात. आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, ती झोपते, मग दुसरं. त्या वेळी तिला मांडीवर घेऊन बसू देतात का, हे आधी विचारून ठेवा. बरेच डॉक्टर बसू देतात.