ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरतं? डिस्क बदलण्याआधी हे तपासा

गाडी 80-90 च्या स्पीडला आहे, पुढचा ट्रक अचानक स्लो होतो, तुम्ही ब्रेक दाबता आणि स्टिअरिंग हातात थरथरायला लागतं. गॅरेजमध्ये यावर ठरलेलं उत्तर मिळतं: "डिस्क बेंड झाली, दोन्ही बदलाव्या लागतील." बदलल्या की थरथर जाते. पण बऱ्याच जणांना काही हजार किलोमीटरनंतर ती परत जाणवते, आणि शिव्या पडतात पार्टला. खरं तर पार्ट अनेकदा ठीक असतो, बसवताना घोळ झालेला असतो.

डिस्क खरंच वाकते का?

फार क्वचित. बहुतेक वेळा डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. डिस्क ज्या हबवर बसते, तिथे गंजाचा पातळ थर किंवा कचरा राहिला तर डिस्क किंचित तिरकी बसते. किती किंचित? 0.05 मिलिमीटर, म्हणजे केसापेक्षाही कमी. पण डिस्कचा व्यास हबपेक्षा मोठा असल्यामुळे हबवरचा हा फरक कडेला आणखी वाढतो. आता गाडी नुसती चालू असताना, ब्रेक न दाबताही, प्रत्येक फेरीत डिस्कची तीच जागा पॅडला हलकेच घासून जाते. हजारो किलोमीटर असं झालं की ती जागा पातळ होते. मग ब्रेक दाबल्यावर पॅडखालून एकदा जाड, एकदा पातळ भाग जातो, पकड कमी-जास्त होते आणि तोच झटका स्टिअरिंगपर्यंत येतो. जाडीत 0.02 मिलिमीटरचा फरक पडला तरी तो हाताला कळू शकतो.

थरथर लगेच न येता उशिरा का येते, याचं उत्तर इथेच आहे. हब साफ न करता नवी डिस्क लावली की घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू. आमच्या भाषेत सांगायचं तर बग तसाच ठेवून ॲप रिस्टार्ट केल्यासारखं.

दुसरं कारण म्हणजे हवेच्या गनने आवळलेले नट. पंक्चर काढल्यावर एक नट करकचून, दुसरा जरा सैल, असं झालं की डिस्क असमान दाबली जाते. आणि तिसरं घाटातलं: उतरताना ब्रेक तापलेले असतात, तुम्ही थांबता आणि पेडल दाबूनच ठेवता. पॅडचं मटेरियल डिस्कच्या त्याच जागी चिकटतं. शक्य असेल तर सपाट जागी थांबून हँडब्रेक लावा आणि पेडल सोडा. तापलेल्या डिस्कवर पाणी तर अजिबात मारू नका, तेव्हा ती खरोखर वाकू शकते.

आधी नेमकं कुठे हलतंय ते बघा

ब्रेक न दाबताही ठरावीक स्पीडला गाडी थरथरत असेल तर ब्रेकच्या मागे लागू नका, आधी व्हील बॅलन्सिंग आणि टायर बघा. फक्त ब्रेकवर स्टिअरिंग हलत असेल तर संशय पुढच्या डिस्कवर. सीट आणि फ्लोअर हलत असेल तर मागच्या ब्रेकवर. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना मागे ड्रम असतात, तेही गोलाई सोडतात. कचकन ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली टकटक करतं ते एबीएसचं काम, तो बिघाड नाही.

फोनचाही उपयोग होतो. फायफॉक्स नावाचं फ्री ॲप आहे, त्यात ॲक्सलरेशनचा स्पेक्ट्रम दिसतो. फोन गाडीत घट्ट ठेवा आणि स्क्रीनकडे शेजारच्याला बघू द्या, ड्रायव्हरने नाही. 185/65 आर 15 टायरचा घेर साधारण 1.95 मीटर. म्हणजे 70 च्या स्पीडला चाक सेकंदाला 10 फेऱ्या मारतं, 35 ला 5. ब्रेक दाबल्यावर 10 हर्ट्झच्या (किंवा दुप्पट, 20 च्या) आसपास उंच रेघ दिसली आणि स्पीडबरोबर ती खाली सरकत गेली, तर दोष फिरणाऱ्या भागात आहे. मेकॅनिक दादांना हा ग्राफ दाखवलात तर ते हसतील, पण "कुठेतरी हलतंय" यापेक्षा हे बरं.

गॅरेजमध्ये काय सांगायचं

डिस्क काढायच्या आधी डायल गेज लावून ती किती डुलते ते मोजायला सांगा. मर्यादा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते. मग मायक्रोमीटरने सात-आठ ठिकाणी जाडी मोजायची. किमान जाडी किती हवी, हे बहुतेक डिस्कवरच कोरलेलं असतं. त्याच्या वर पुरेशी शिल्लक असेल तर लेथवर घासून काम भागतं. नसेल तर डिस्क बदला, दोन्ही बाजूच्या एकदम.

काहीही केलं तरी हब वायर ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकाचक झालाच पाहिजे. अर्ध्या तासाचं काम आहे, समोर उभं राहून करून घ्या. कॅलिपरच्या पिना हाताने सरकतात का तेही बघायला लावा. अडकल्या असतील तर एकच चाक जास्त तापतं आणि ब्रेकवर गाडी एका बाजूला ओढते. नट चांदणीच्या क्रमाने, टॉर्क पान्याने आवळायचे. आकडा गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या.

लोअर आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट ढिले असतील तर साधी थरथरही मोठी वाटते. आपल्या खड्ड्यांत ते लवकर जातात.

थरथरीबरोबर पेडल स्पंजसारखं खाली जात असेल, लोखंड घासल्याचा आवाज येत असेल किंवा ब्रेक ऑइलची लेव्हल उतरली असेल, तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करा.

नवीन डिस्क-पॅड लावल्यावर मोकळ्या रस्त्यावर, आरशात मागे कोणी नाही हे बघून, 50-60 वरून 10 पर्यंत मध्यम ब्रेकने आठ-दहा वेळा स्पीड कमी करा. मध्ये पूर्ण थांबू नका. मग काही किलोमीटर ब्रेक कमीत कमी वापरत गाडी चालवा, म्हणजे डिस्क हवेवर थंड होतील.