देवगिरीचा दरवाजा

महाराष्ट्रातील जुन्या दगडी देवळांना खेडोपाडी हेमाडपंती म्हणण्याची रूढी आहे. ज्या हेमाद्री पंडितांच्या नावावरून ही ओळख पडली, ते देवगिरीच्या यादवांचे मंत्री होते. त्यामुळे मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या मंगल प्रसंगी देवगिरीचे स्मरण होणे उचितच आहे. मात्र देवगिरीच्या वैभवाइतकीच तेथील दरवाजाची कथाही बोधप्रद आहे.

बाराव्या शतकात पाचव्या भिल्लमाने देवगिरी ही यादवांची राजधानी केली. हा दुर्ग मुळात कोणी आत येऊ नये याच हेतूने रचलेला. एकामागून एक तट, वळणावळणाचे दरवाजे, डोंगराचा कडा तासून केलेली उभी भिंत, सभोवार खडकात खोदलेला खोल खंदक आणि त्यापलीकडे डोंगराच्या पोटातून वर जाणारी अंधारी, असा तो बंदोबस्त. 1296 साली अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी आली. किल्ल्यात धान्याच्या म्हणून भरलेल्या गोण्यांत मीठ निघाले आणि रामदेवरायांचा नाइलाज झाला, अशी आख्यायिका आजही सांगितली जाते. 1327 साली महंमद तुघलकाने येथे राजधानी आणली आणि देवगिरीचे दौलताबाद झाले. राज्ये आली आणि गेली. दरवाजावरचा पहारा मात्र तसाच राहिला.

1934 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहण्यासाठी नाशिकहून निघाले असता वाटेत हा किल्ला पाहावयास थांबले. त्या वेळी हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या मंडळींनी दरवाजाबाहेरील हौदावर हातपाय धुतले. तेवढ्यावरून हौद बाटविला अशी ओरड झाली आणि जमाव जमला. शेवटी किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली, पण आत कोठेही पाण्याला स्पर्श होऊ नये म्हणून एक हत्यारबंद शिपाई सोबत देण्यात आला. शत्रूसाठी बांधलेला दरवाजा त्या दिवशी आपल्याच माणसांपुढे अडसर होऊन उभा राहिला. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

1948 साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि 1950 साली राज्यघटना अमलात आली. घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. पंधराव्या कलमाने विहिरी, तलाव, घाट, रस्ते यांच्या वापरास जातीवरून मनाई करण्यास बंदी घातली. पुढे 1958 साली प्राचीन स्मारकांचा कायदा झाला. संरक्षित स्मारकात प्रवेश करण्याचा जनतेचा हक्क या कायद्याने मान्य केला. अट एवढीच की नियम पाळावेत. प्रश्न आता जन्माचा राहिला नाही, वर्तनाचा झाला.

हे नियम कित्येकांना जाचक वाटतात. देवगिरी किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे. संरक्षित स्मारकात परवानगीवाचून चूल मांडता येत नाही, माल विकता येत नाही. भिंतीवर नाव कोरणे हा गुन्हा असून 2010 सालच्या दुरुस्तीनंतर स्मारकाची नासधूस करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. स्मारकाभोवतीच्या 100 मीटरांत नवे बांधकाम करण्यास मनाई असून त्यापुढील 200 मीटरांत परवानगी घ्यावी लागते. धुराची काजळी दगडावर बसते आणि कोरलेले अक्षर पुसले जात नाही. एकाची हौस पुढील शंभर पिढ्यांचे नुकसान करते, हेच या नियमांमागील कारण होय.

तरीही एक अडचण उरते. दरवाजा सर्वांसाठी उघडला, पण पायऱ्या तशाच राहिल्या. चाकाच्या खुर्चीवरील मनुष्याने किंवा गुडघे थकलेल्या आजीने अंधारी चढून बारादरीपर्यंत कसे जावे? 2016 सालच्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक ठिकाणे सर्वांना सुगम करण्याचे कर्तव्य घालून दिले आहे. दुसऱ्या बाजूने मूळ दगडास धक्का लावण्यास स्मारकांचा कायदा हरकत घेतो. दोन्ही कायदे योग्यच आहेत. म्हणून मध्यम मार्ग काढावा लागतो. जेथे जमीन त्यातल्या त्यात सपाट आहे, तेथे दगड न फोडता बसविता व काढता येईल असा उतार करावा, बसावयास जागा असावी, पिण्याचे पाणी असावे. खालच्या भागातून चांदमिनार व कड्याचे दर्शन घडले तरी आलेल्याचे येणे सार्थकी लागते. अंधारीची चढण मात्र सर्वांना सोपी करता येणार नाही. ती करावयाची तर किल्ल्याचे किल्लेपणच जाईल.

गावोगावच्या मंदिरांचा जीर्णोद्धार करणाऱ्या ग्रामस्थांनी व उदार देणगीदारांनी यातून एवढे घ्यावे. जुन्या कोरीव दगडावर तैलरंगाचा हात फिरवू नये, शिलालेखावर फरशी बसवू नये. देणगीदाराचे नाव वेगळ्या फलकावर लिहावे, जुन्या खांबावर कोरू नये. आणि पायऱ्यांशेजारी एक उतार व हाताला धरावयास एक कठडा अवश्य असावा. कळसासाठी देणारे हात पुष्कळ पुढे येतात; कठड्यासाठी देणाराही तितकाच पुण्यवान समजावा. कारण कळस दुरून दिसतो, पण कठड्याला धरून म्हातारी माणसे देवापर्यंत पोहोचतात.