तांबडें पाणी

नागपूर शहराच्या इतिहासांत तळ्यांना जो मान मिळाला, तो विहिरींच्या वांट्याला कधीं आला नाहीं. आज गांधीसागर म्हणून ओळखला जाणारा जुना जुम्मा तलाव, त्यानंतर अंबाझरी, गोरेवाडा, पुढें कन्हान नदी आणि शेवटीं पेंच, असा या शहराच्या पाण्याचा प्रवास सांगण्याची रीत आहे. भूगर्भांतील पाण्याची कथा मात्र सहसा कोणी सांगत नाहीं. वास्तविक ती सांगण्याचा अधिकार नागपूरचाच. कारण खेड्यांतील पाण्यांतून लोह काढून टाकण्याची एक साधी युक्ति याच शहरांतील प्रयोगशाळेंत सिद्ध झाली.

ज्या गांवीं असें पाणी लागतें, तेथील गृहिणीला रसायनशास्त्र शिकविण्याची गरज नसते. हापशांतून कळशींत पडतांना पाणी कांचेसारखें स्वच्छ दिसतें. घटकाभरानें त्यावर तवंग येतो, आणि सकाळपर्यंत कळशीच्या तळाशीं तांबूस गाळ बसतो. भात पिवळट होतो. पांढऱ्या धोतरावर गंजाचे डाग उमटतात, ते कांहीं केल्या जात नाहींत. चहा तर काळाभोर होतो. हिराकस आणि हिरडा एकत्र करून ज्यांच्या पूर्वजांनीं बोरूची शाई केली, त्यांना या चहाचें गूढ वाटूं नये. चहांतील तुरट द्रव्य व पाण्यांतील लोह मिळून पेल्यांत शाईच तयार होते.

नागपूर जिल्ह्यांत मनसर, कांद्री, गुमगांव या ठिकाणीं मँगनीजच्या खाणी आहेत. तेथील धातुपाषाण काढण्याचें काम विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झालें, आणि १९०९ सालीं फर्मोर या भूगर्भशास्त्रज्ञानें भारतांतील मँगनीजवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. तेव्हां खाणीशेजारच्या विहिरीचें पाणी वाईट असणारच, असा तर्क कोणी करील. पण तो दर वेळीं खरा ठरत नाहीं. प्राणवायूच्या सान्निध्यांत लोह आणि मँगनीज दगडाला घट्ट धरून बसतात. जेथें जमिनीखालीं कुजणाऱ्या द्रव्यांनीं प्राणवायु संपवून टाकलेला असतो, तेथेंच ते पाण्यांत विरघळतात. डोंगरभर धातु असून विहीर निर्मळ असूं शकते, आणि जेथें खाणीचें नांवहि नाहीं तेथें कळशी तांबडी होऊं शकते.

या त्रासाचा पहिला मोठा धडा जर्मनीनें घेतला. १८७७ सालीं बर्लिनजवळ टेगेल येथें विहिरींचें पाणी शहराला देण्यास आरंभ झाला, आणि थोड्याच काळांत लोहावर वाढणाऱ्या एका सूक्ष्म जंतूच्या तंतूंनीं सारी व्यवस्था बिघडविली. शहराला विहिरी सोडून सरोवराच्या पाण्याकडे वळावें लागलें. त्या शतकाच्या अखेरच्या दशकांत जर्मन स्थापत्यविशारदांनीं यावर तोड काढली. पाणी उंचावरून धारांनीं पाडावयाचें, म्हणजे त्यांत हवा मिसळते. मग तें वाळूंतून गाळावयाचें. एक मिलिग्रॅम लोहाला केवळ ०.१४ मिलिग्रॅम प्राणवायु पुरतो, आणि हवेच्या संपर्कांत आलेलें लिटरभर पाणी त्याच्या कितीतरी पट प्राणवायु सहज धरून ठेवतें. इतका स्वस्त उपाय मनुष्यजातीला क्वचितच लाभला असेल.

मँगनीज मात्र एवढ्यानें वठणीवर येत नाहीं. १९०६ सालीं ओडर नदीच्या पुरानंतर ब्रेस्लाउ शहराच्या नव्या विहिरींत लोहाबरोबर मँगनीजचें प्रमाण एकाएकीं भडकलें, तेव्हां हें सर्वांच्या ध्यानांत आलें. साध्या पाण्यांत नुसत्या हवेनें मँगनीज फारच सावकाश बाहेर पडतें. त्याला क्लोरीन किंवा पोटॅशियम परमँगनेट द्यावें लागतें, नाहीं तर मँगनीजच्याच काळ्या ऑक्साइडचा लेप चढलेल्या वाळूंतून न्यावें लागतें. काट्यानें काटा काढण्याचें याहून चांगलें उदाहरण मिळणें कठीण.

नागपुरांत १९५८ सालीं सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधनसंस्था स्थापन झाली. १९७४ सालीं तिचें नांव बदललें, आणि आज ती 'नीरी' या नांवानें सर्वांना परिचित आहे. तिच्यापुढें प्रश्न होता तो खेड्याचा. तेथें पाण्याचे उंच मनोरे नव्हते आणि वीज व यंत्रचालक यांचाहि भरंवसा नव्हता. त्यांतच १९७२ च्या दुष्काळानें महाराष्ट्रांत विंधनविहिरींचें युग आणलें. जालना व सोलापूर येथें घडलेल्या मजबूत हातपंपांच्या धड्यावरून पुढें 'इंडिया मार्क दोन' हा पंप तयार झाला आणि देशभर पसरला. पाणी आलें, पण कित्येक ठिकाणीं तें तांबडें आलें. १९८६ सालीं केंद्र सरकारनें पेयजलासाठीं जें तंत्रज्ञान मिशन काढलें, त्याच्या ठरीव कामांत फ्लोराइड, नारू आणि खारेपणा यांच्या जोडीला लोहाचेंहि नांव होतें.

नीरीची युक्ति म्हणजे हातपंपाच्या तोंडाशीं बांधलेली लहानशी टाकी. पंपाचें पाणी तींत शिंतोड्यांनीं पडतें, हवा घेतें, कांहीं वेळ थांबून सांका टाकतें, आणि खडी व वाळूच्या थरांतून गाळून तोटीशीं येतें. चालकशक्ति एकच, ती म्हणजे पाणी भरणाऱ्या बाईचा हात. येथें केवळ चवीचा प्रश्न नव्हता. लोहानें माणूस लगेच आजारी पडत नाहीं. पण त्या पाण्याला कंटाळून बायका पुन्हां उघड्या विहिरीकडे किंवा तळ्याकडे वळतात, आणि तेथें पटकी व कावीळ वाट पाहत असतात. स्वच्छ पाणी केवळ रंगामुळें टाकलें जावें, याहून मोठा अपव्यय कोणता?

एक विचित्र प्रकारहि पुढें उघडकीस आला. कांहीं गांवीं लोह जमिनींतून येतच नव्हतें. आम्लधर्मी पाणी पंपाचीच जस्ताचा मुलामा दिलेली नळी आंतून खात होतें. अशा ठिकाणीं रात्रभर स्वस्थ राहिलेल्या पंपाचें सकाळचें पहिलें पाणी गडद तांबडें येई, आणि बराच वेळ उपसल्यावर निवळे. तेथें टाकी बांधण्यापेक्षां नळी बदलणें हाच खरा उपाय होता. पण तो तपासणीवांचून सुचणार कसा?

टाक्यांचें पुढें काय झालें, हें ज्या त्या गांवावर अवलंबून राहिलें. वाळूवर सांचणारा तांबडा गाळ वेळच्या वेळीं खरवडून न काढल्यास पाण्याची धार बारीक होत जाते. मग कोणी तरी टाकीला वळसा देऊन पंपाच्या तोंडाशींच कळशी धरतो. अनेक ठिकाणीं असेंच घडलें. जेथें गाळ काढण्याचा वार ठरला आणि तो कोणी काढावयाचा हेंहि ठरलें, तेथें टाकी चालत राहिली, आणि धोतरें पांढरीं राहिलीं.