औषधाच्या चिठ्ठीवर दूध आणि भाजी

अमेरिकेतील मिसिसिपी राज्याच्या कापूसपट्ट्यात माउंड बायू नावाचे एक छोटे गाव आहे. तेथे १९६७ साली डॉ. जॅक गायगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक आरोग्यकेंद्र सुरू केले. कापूस वेचणारी यंत्रे आणि तणनाशके आल्यामुळे मळ्यांवर राबणाऱ्या कृष्णवर्णीय मजुरांचे काम सुटत चालले होते. केंद्रात येणारी मुले औषधाने तात्पुरती बरी होत आणि घरी गेली की पुन्हा आजारी पडत. मूळ दुखणे उपासमारीचे होते. तेव्हा डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीवर दूध, भाजी, फळे, मांस लिहून द्यायला सुरुवात केली. गावातल्या दुकानदाराने चिठ्ठी पाहून माल द्यायचा आणि बिल केंद्राकडे पाठवायचे. केंद्र ते औषधांसाठी ठेवलेल्या पैशातून भागवीत असे.

केंद्राला अनुदान देणाऱ्या सरकारी खात्याने अर्थातच हरकत घेतली. औषधांचा पैसा औषधांवरच खर्च झाला पाहिजे, असे खात्याचे म्हणणे. कुपोषणाच्या रोगावर वैद्यकाच्या पुस्तकात अन्न हाच उपचार दिलेला आहे, असे उत्तर गायगरांनी दिले.

आपण गायगरांच्या बाजूने उभे राहतो हे खरे. पण त्या खात्याला केवळ हसून भागणार नाही. सरकारी जमाखर्चात अन्नाची वही वेगळी आणि दवाखान्याची वेगळी असते. अन्नाच्या वहीत एक डॉलर खर्च केला तर दवाखान्याच्या वहीत किती वाचतात, हे १९६७ साली कोणालाच आकड्यांत सांगता आले नसते.

अमेरिकेतील अन्नसाहाय्याचा जन्म मुळी आरोग्यासाठी झालाच नव्हता. महामंदीच्या काळात एकीकडे शेतमाल पडून होता आणि दुसरीकडे माणसे उपाशी होती. मे १९३९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहरात 'फूड स्टॅम्प', म्हणजे अन्नाची कूपने, प्रथम मिळू लागली. एक डॉलरची नारिंगी कूपने विकत घेतली की पन्नास सेंटची निळी कूपने फुकट मिळत, आणि निळ्या कूपनांवर फक्त बाजारात जास्त झालेला माल घेता येई. युद्धामुळे ना माल उरला, ना बेकारी; १९४३ मध्ये योजना गुंडाळली गेली. १९६१ मध्ये केनेडी अध्यक्ष होताच ती पुन्हा प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली आणि १९६४ मध्ये तिचा कायदा झाला. मात्र कूपनांसाठी आधी रोख पैसे भरण्याची अट कायम राहिली. मिसिसिपीत काही ठिकाणी फुकट धान्यवाटप बंद करून कूपने आणली गेली, तेव्हा ज्यांच्या हातात एक डॉलरही नव्हता तेच नेमके बाहेर पडले! ही अट १९७७ च्या कायद्याने रद्द केली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कूपने घेणाऱ्यांचा आणि न घेणाऱ्यांचा वैद्यकीय खर्च सरळ ताडून पाहावा, असे प्रथम सुचते. पण तशी तुलना केली तर कूपने घेणारेच बहुधा जास्त आजारी आढळतात. याचे कारण उघड आहे. जो जास्त गरजू, ज्याचे काम आजारपणाने सुटले, तोच कूपने मागायला जातो. घरापेक्षा रुग्णालयात मृत्यू जास्त होतात म्हणून रुग्णालय घातक ठरत नाही, तसेच हे. बरे, मुद्दाम निम्म्या गरिबांना अन्न नाकारून प्रयोग करणे कोणत्याही सभ्य समाजाला शक्य नाही.

हा प्रयोग नकळत झाला तो सरकारी दिरंगाईमुळे. कूपने देशभर एकदम आली नाहीत. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. काही काउंट्यांत योजना १९६० च्या दशकाच्या आरंभी आली, तर काही ठिकाणी १९७५ उजाडले. त्यामुळे एकाच वर्षी जन्मलेल्या गरीब घरच्या दोन मुलांपैकी एकाला लहानपणी कूपनांचे अन्न मिळाले आणि दुसऱ्याला मिळाले नाही, ते केवळ पत्त्यातील फरकामुळे. अल्मंड, हॉइन्स आणि शान्झेनबाख या अर्थशास्त्रज्ञांनी या गोष्टीचा उपयोग केला. २०११ मध्ये त्यांनी दाखवले, की गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत योजना उपलब्ध असेल तर बाळांचे जन्मवजन वाढते. सरासरी वाढ थोडी, पण अगदी कमी वजनाच्या बाळांत ती अधिक. २०१६ मध्ये त्यांनी तीच पिढी मोठी झाल्यावर तपासली. बालपणी योजना पोचलेल्यांमध्ये लठ्ठपणा, रक्तदाब, मधुमेह यांचा जो एकत्रित विकारसमूह असतो त्याचे प्रमाण कमी होते. म्हणजे दवाखान्याच्या वहीतली ही बचत तीसचाळीस वर्षांनी जमा होते, तर अंदाजपत्रक दरवर्षी मांडावे लागते.

काही परिणाम मात्र महिन्याभरातच दिसतात. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्शुलिन रक्तातील साखर खाली आणतात. रुग्ण वेळेवर जेवेल हे गृहीत धरून डॉक्टरने त्यांची मात्रा ठरवलेली असते. औषध घेतले आणि जेवण मिळाले नाही, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते, घाम फुटतो, शुद्ध हरपते. कॅलिफोर्नियातील २००० ते २००८ या काळातील रुग्णालयांच्या नोंदी हिलरी सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी पाहिल्या. गरीब वस्त्यांतील रुग्णांत साखर उतरून दाखल होण्याचे प्रमाण महिन्याच्या पहिल्या आठवड्यापेक्षा शेवटच्या आठवड्यात २७ टक्क्यांनी जास्त होते! पगार असो वा कूपने, महिनाअखेरीस संपलेली असतात. श्रीमंत वस्त्यांत असा चढउतार नव्हता. संशोधकांनी आंत्रपुच्छाच्या (अपेंडिक्सच्या) दुखण्याच्या नोंदीही मुद्दाम तपासल्या. ते दुखणे महिन्याची तारीख पाहून येत नाही, आणि त्यात दोन्हीकडे फरक आढळला नाही. नियंत्रक गटाचे इतके साधे उदाहरण वर्गात सांगायला दुसरे सापडणे कठीण.

थेट खर्चाचा अंदाज २०१७ मध्ये सेथ बर्कोविट्झ व सहकाऱ्यांनी मांडला. कमी उत्पन्नाच्या ४,४४७ प्रौढांच्या माहितीवरून, कूपने घेणाऱ्यांचा वार्षिक वैद्यकीय खर्च सुमारे १,४०० डॉलरने कमी असावा असे निघाले. गरजूंच्या निवडीचा दोष त्यांनी संख्याशास्त्राने काढण्याचा प्रयत्न केला आहे. तो पूर्ण निघाला असे कोणी छातीठोकपणे म्हणू नये. शिवाय खर्च कमी म्हणजे प्रकृती चांगली, असेही नेहमी नसते. अन्नाची चिंता मिटली की माणूस लांबणीवर टाकलेली तपासणी करून घेतो आणि त्या वर्षी त्याचा खर्च उलट वाढतो.

गायगरांनी केले तेच काम पुढे एका राज्याने रीतसर परवानगी घेऊन केले. नॉर्थ कॅरोलायनात मार्च २०२२ पासून गरिबांच्या आरोग्य विम्याच्या पैशातून काही रुग्णांना घरी अन्न पोचवले जाऊ लागले. कार्यक्रमात आल्यावर रुग्णांचा खर्च आधी थोडा वाढला आणि मग हळूहळू उतरू लागला. राज्याच्या विधिमंडळाने पुढील तरतूद केली नाही, म्हणून जुलै २०२५ मध्ये हे अन्न पोचवणे थांबले.