चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शन, विवृत

विवृत चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शन : रुग्णाला नळीप्रमाणे चोहोकडून न वेढता बाजू मोकळ्या ठेवणारा चुंबक वापरून शरीराच्या अंतर्भागाच्या प्रतिमा घेण्याची पद्धत. व्यवहारात तिला ‘ओपन एमआरआय’ म्हणतात. चुंबकाचे बळ आणि रुग्णाची सोय यांच्या ओढाताणीतून ती घडत गेली.

शरीरातील पाणी व मेद यांत हायड्रोजनाची अणुकेंद्रे विपुल असतात. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवून त्यांवर योग्य कंप्रतेचे रेडिओ तरंग सोडले असता ती ऊर्जा शोषून घेतात व मागाहून क्षीण संदेश परत देतात. त्यांवरून प्रतिमा रचली जाते. या क्षेत्राच्या प्राबल्याची कल्पना रायगड (पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेवरून येईल. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या सुरू झाल्या की कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकमापन बिघडणार, हे ओळखून तिचे संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांच्या कारकीर्दीत ते काम १९०४ मध्ये अलिबागला हलविण्यात आले. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन त्यांची सांगड घालण्यात आली आणि १९०७ मध्ये विजेची ट्राम धावू लागली. उपकरणांच्या इमारतीत लोखंड कटाक्षाने टाळलेले होते. तेथील पृथ्वीचे क्षेत्र सु. ०.४३ गौस भरते, तर रुग्णालयातील १.५ टेस्ला यंत्राचे क्षेत्र १५,००० गौस, म्हणजे त्याच्या सु. ३५,००० पट असते. प्रतिमादर्शनाच्या खोलीतही लोखंड वर्ज्य असते व बाहेरचे रेडिओ तरंग अडविण्यासाठी भिंतींत बहुधा तांब्याचे पत्रे बसवितात. मात्र अलिबागला लोखंडाने मापन चुकते, येथे जीव जातो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात प्राणवायूचा सिलिंडर आत नेणारा रुग्णाचा नातेवाईक यंत्राकडे खेचला जाऊन मरण पावला.

या अनुस्पंदनाचा शोध फेलिक्स ब्लॉख व एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ च्या सुमारास स्वतंत्रपणे लावला. १९५२ चे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. स्टॅनफर्ड येथे आर्नल्ड, धर्मट्टी व पॅकर्ड यांनी १९५१ मध्ये दाखविले की, अल्कोहॉलाच्या रेणूतील हायड्रोजनाची अणुकेंद्रे आपल्या रासायनिक परिसरानुसार किंचित भिन्न कंप्रतांना प्रतिसाद देतात. यांपैकी श्री. स. धर्मट्टी यांनी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाच्या संशोधनाचा पाया घातला. त्या काळी चुंबकात काचेची लहानशी नळी ठेवली जाई. तिच्या सोयीचा प्रश्न कोणाला पडण्याचे कारण नव्हते.

तो प्रश्न माणूस चुंबकात शिरल्यावर उद्‌भवला. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये अनुस्पंदनापासून प्रतिमा मिळविण्याची रीत प्रसिद्ध केली. रेमंड डमेडियन यांनी ३ जुलै १९७७ रोजी मानवी धडाची पहिली प्रतिमा घेतली. प्रारंभी ते स्वतःच यंत्रात बसले होते, पण त्यांच्या स्थूल देहामुळे संदेश मिळेना. अखेर सडपातळ सहकारी लॅरी मिंकॉफ यांना बसविण्यात आले आणि एका छेदासाठी त्यांना जवळजवळ पाच तास स्थिर राहावे लागले. पुढे द्रवरूप हीलियमाने थंड ठेवलेले अतिसंवाहक चुंबक प्रचारात आले. त्यांचे क्षेत्र प्रबळ व एकसारखे असते, पण त्यासाठी तारांची वेटोळी रुग्णाभोवती लांब नळीच्या रूपात ठेवावी लागतात. भारतातील पहिले यंत्र १९८६ मध्ये दिल्लीत बसविण्यात आले, ते याच युगातील होय. नळीचा व्यास सु. ६० सेंमी., छत चेहऱ्याच्या अगदी जवळ, आणि क्षेत्र झपाट्याने बदलणाऱ्या वेटोळ्यांचा हातोडे मारल्यासारखा आवाज. कोंडलेल्या जागेची भीती असणारे काही रुग्ण तपासणी अर्धवट सोडून बाहेर येतात. काहींना गुंगीचे औषध द्यावे लागते. अतिस्थूल रुग्ण मुळात आत मावतच नाहीत. रोगनिदान राहून जाते, ते यंत्राच्या दोषाने नव्हे.

विवृत यंत्रात वर व खाली असे दोन ध्रुव असून त्यांना बहुधा इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकाराची लोखंडी चौकट जोडते. रुग्ण मधल्या फटीत झोपतो. चुंबक बहुधा स्थायी असल्यामुळे हीलियम लागत नाही. जर्मनीतील सीमेन्स कंपनीने ०.२ टेस्लाचे असे यंत्र १९९३ मध्ये आणले. त्याच दशकात जपानच्या हिताची कंपनीची ०.३ टेस्लाची यंत्रे आली. बॉस्टन येथे दोन कड्यांमधील मोकळ्या जागेत उभे राहून शस्त्रवैद्याला काम करता येईल असे ०.५ टेस्लाचे यंत्र बसविण्यात आले, तर डमेडियन यांच्या कंपनीने रुग्णाला उभे वा बसते ठेवून मणक्याची तपासणी करणारे यंत्र तयार केले. लहान मुलाचा हात धरून आईला शेजारी बसता येणे, हा लाभ कोणत्याही तांत्रिक तक्त्यात आढळत नाही. तरी गुंगीचे औषध टाळण्याच्या दृष्टीने तो मोठा आहे.

या सोयीची किंमत मात्र द्यावी लागते. क्षेत्र दुर्बळ झाले की संदेश क्षीण होतो. तो भरून काढण्यासाठी मोजमापे वारंवार करावी लागतात व वेळ वाढतो. मोकळ्या जागेतही दीर्घकाळ न हलता पडून राहणे सुखाचे नसते आणि हालचाल झाल्यास प्रतिमा अस्पष्ट होते. धर्मट्टी आदींनी दाखविलेला कंप्रताभेदही येथे आड येतो : मेद व पाणी यांच्या कंप्रतांतील फरक १.५ टेस्लाला सु. २२० हर्ट्‌झ असतो, तो ०.३ टेस्लाला सु. ४५ हर्ट्‌झच उरतो. त्यामुळे मेदाचा संदेश वेगळा काढून टाकणे कठीण जाते. उलटपक्षी, शरीरात बसविलेल्या धातूच्या भागांमुळे होणारी विकृती कमी क्षेत्रात सौम्य असते. उभ्या क्षेत्रामुळे शरीराभोवती गुंडाळण्याची अधिक संवेदनशील ग्राहक वेटोळी वापरता येतात, त्यांनी नुकसान काही अंशी भरून निघते. एकंदरीत गुडघा, खांदा यांसारख्या सांध्यांच्या तपासणीस ही यंत्रे पुरेशी ठरतात. मेंदूतील सूक्ष्म विकृतींसाठी प्रबळ क्षेत्रच श्रेयस्कर.

पुढे विवृत यंत्रांचे क्षेत्र १ टेस्लापर्यंत वाढविण्यात आले. दुसऱ्या बाजूने, २००४ पासून ७० सेंमी. व्यासाच्या आखूड नळीची १.५ टेस्लाची यंत्रे आल्याने मोकळेपणा आणि बळ यांपैकी एकच निवडण्याची सक्ती बरीच सैल झाली. २०२० मध्ये अमेरिकेत केवळ ०.०६४ टेस्लाच्या, चाकांवरून रुग्णाच्या खाटेपाशी नेता येणाऱ्या यंत्राला मान्यता मिळाली. ते साध्या विजेच्या जोडणीवर चालते. मेंदूतील मोठा रक्तस्राव त्यात दिसू शकतो, बारीक तपशील दिसत नाहीत. पण अतिदक्षता विभागातून हलविणे धोक्याचे असलेल्या रुग्णाला त्यासाठी खाट सोडावी लागत नाही.