रुकी रनिंग बॅकचे मूल्यमापन (डायनेस्टी फँटसी फुटबॉल)

एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये नव्याने दाखल झालेला रनिंग बॅक पुढील काही हंगामांत किती गुण मिळवून देईल, याचा फँटसी फुटबॉलच्या डायनेस्टी प्रकारात घेतला जाणारा अंदाज. रनिंग बॅक हा चेंडू घेऊन बचावफळी भेदणारा, प्रसंगी पास झेलणारा खेळाडू. भारतात रुळलेल्या फँटसी क्रिकेटमध्ये संघ एका सामन्यापुरता असतो. डायनेस्टीत घेतलेला खेळाडू वर्षानुवर्षे आपल्याकडेच राहतो. एप्रिलअखेर एनएफएल संघांचा नवे खेळाडू निवडण्याचा सात फेऱ्यांचा ड्राफ्ट होतो आणि त्यानंतर फँटसी लीगा फक्त नवख्यांसाठी, म्हणजे रुकींसाठी, आपापला ड्राफ्ट घेतात. त्या वेळी यांतल्या एकानेही व्यावसायिक सामना खेळलेला नसतो.

या जागेवरच्या खेळाडूचे आयुष्य तोकडे. बहुतेक जण २१-२२ व्या वर्षी येतात, लगेच खेळवले जातात आणि सत्ताविशीच्या आसपास ओसरू लागतात. त्यामुळे पास झेलणाऱ्या वाइड रिसीव्हरसारखी दोन-तीन वर्षे वाट पाहण्याची चैन इथे परवडत नाही.

सर्वांत भरवशाची खूण म्हणजे खेळाडू ड्राफ्टच्या कितव्या फेरीत गेला. वरची निवड खर्ची घातलेल्या खेळाडूला संघ सहजी बाकावर बसवत नाही. संधी भरपूर मिळते आणि फँटसीचे गुण मुख्यतः संधीतूनच येतात. त्यामागोमाग पास झेलण्याची क्षमता. अनेक लीगांत दहा यार्डांना एक गुण, टचडाउनला सहा आणि प्रत्येक झेलाला आणखी एक गुण असतो. २०१७ मध्ये तिसऱ्या फेरीत ६७ वा निवडला गेलेला अॅल्विन कमारा मुख्यतः या झेलांमुळेच मोलाचा ठरला.

वजन आणि वेग वेगवेगळे पाहण्यात अर्थ नसतो. बिल बार्नवेल यांनी मांडलेल्या ‘स्पीड स्कोअर’मध्ये पौंडांतील वजनाला २०० ने गुणून ४० यार्ड धावण्याच्या सेकंदांच्या चतुर्घाताने भागतात; १०० ही सर्वसाधारण पातळी. सूत्र ओबडधोबड आहे, पण हलका आणि वेगवान यापेक्षा वजनदार आणि तरीही वेगवान खेळाडू दुर्मिळ, हे त्यातून नेमके कळते.

या सगळ्या निकषांची ओढाताण २०२० च्या ड्राफ्टइतकी क्वचितच दिसली असेल. लुइझियाना स्टेटच्या क्लाइड एडवर्ड्स-हेलेरने आदल्या हंगामात ५५ झेल घेतले होते. पहिल्या फेरीच्या शेवटच्या, ३२ व्या क्रमांकावर त्याला नुकत्याच विजेत्या ठरलेल्या कॅन्सस सिटी चीफ्सने घेतले. त्या फेरीतला तो एकमेव रनिंग बॅक. अँडी रीड प्रशिक्षक, पॅट्रिक माहोम्स पास फेकणारा क्वार्टरबॅक आणि उन्हाळ्यात जागेचा दावेदार डेमियन विल्यम्सने हंगामातूनच माघार घेतलेली. अनेक फँटसी लीगांत एडवर्ड्स-हेलेर पहिल्या क्रमांकाने गेला. विस्कॉन्सिनचा जोनाथन टेलर ४१ वा, इंडियानापोलिस कोल्ट्सकडे. विद्यापीठात तीन हंगामांत ६,१७४ यार्ड धावला होता, पण झेल थोडे, चेंडू हातून निसटण्याची खोड आणि समोर मार्लन मॅकसारखा प्रस्थापित खेळाडू. स्पीड स्कोअर मात्र वेगळेच सांगत होता: टेलर २२६ पौंड आणि ४.३९ सेकंद, म्हणजे सुमारे १२२. एडवर्ड्स-हेलेर २०७ पौंड आणि ४.६० सेकंद, म्हणजे जेमतेम ९२.

मॅक पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला. टेलरने त्या वर्षी १,१६९ यार्ड काढले आणि २०२१ मध्ये १,८११ यार्डांसह लीगमध्ये पहिला आला. चीफ्समध्ये एडवर्ड्स-हेलेरची जागा पुढे २०२२ च्या सातव्या फेरीतल्या आयझाया पचेकोने घेतली. ज्या परिस्थितीला भुलून लोकांनी भाव चढवला ती एका हंगामातही बदलू शकते. देहयष्टी इतक्या लवकर बदलत नाही. दोन खेळाडूंच्या निवडीत आठ-नऊ क्रमांकांचेच अंतर असेल, तर संघाच्या नावापेक्षा खेळाडूच पाहावा.

वरची निवडही हमी देत नाही. २०१२ मध्ये तिसऱ्या क्रमांकाने क्लीव्हलँड ब्राउन्सकडे गेलेल्या ट्रेंट रिचर्डसनने पहिल्या वर्षी ११ वेळा धावत टचडाउन केले, पण दर धावेमागे सरासरी चार यार्डही भरत नव्हते. एकूण आकड्यांनी दिपलेल्यांना ते दिसले नाही. पुढच्या सप्टेंबरमध्ये ब्राउन्सने त्याला पहिल्या फेरीच्या निवडीच्या बदल्यात कोल्ट्सला देऊन टाकले आणि २०१४ नंतर तो एनएफएलमध्ये नियमित हंगामाचा एकही सामना खेळला नाही. म्हणून जाणकार विद्यापीठातले नुसते यार्ड न मोजता टक्कर झाल्यानंतर मिळवलेले यार्ड आणि चुकवलेले टॅकल पाहतात. बचावपटूंना अडवणाऱ्या ऑफेन्सिव्ह लाइनने उघडून दिलेल्या वाटेचे श्रेय त्यातून बरेचसे वजा होते.

ड्राफ्टमध्ये कोणीच न घेतलेल्या खेळाडूंचा हिशेब निराळा. जेम्स रॉबिन्सनने २०२० मध्ये जॅक्सनव्हिल जॅग्वार्सकडून पहिल्याच वर्षी १,०७० यार्ड काढले. ज्याने त्याला फुकटात उचलले होते त्याच्यासाठी घबाडच. पण संघाने त्याच्यासाठी काही मोजलेले नव्हते. पुढच्याच ड्राफ्टमध्ये जॅग्वार्सने २५ वी निवड वापरून ट्रॅव्हिस एटिएन हा दुसरा रनिंग बॅक आणला, आणि २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये रॉबिन्सनला न्यूयॉर्क जेट्सकडे धाडले. त्याची खरी किंमत मिळाली ती पहिल्या हंगामानंतर, एटिएनचे नाव पुकारले जाण्याआधी त्याला विकून मोकळ्या झालेल्यांना.