खानदेशांतील मुलें आणि कलावंताचा हात

महोत्सवप्रसंगीं गतकाळाचा हिशेब मांडण्याची रीत आहे. किती इमारती उठल्या आणि किती मुलें शिकून बाहेर पडलीं, हें आपण अभिमानानें सांगतों. आम्ही येथें वाचकांपुढें आणखी एक प्रश्न ठेवूं इच्छितों: आपल्या जळगांव-धुळ्याकडील प्राथमिक शाळेच्या वर्गांत खरा कलावंत किती वेळां येऊन बसला?

जळगांवाहून सुमारें 60 किलोमीटरांवर अजिंठ्याचीं लेणीं आहेत. 1872 ते 1885 या काळांत मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं आपले विद्यार्थी बरोबर घेऊन तेथील भित्तिचित्रांच्या नकला केल्या. पुढें नामांकित झालेले चित्रकार पेस्तनजी बोमनजी हे त्याच विद्यार्थ्यांपैकीं होत. गुरु आणि शिष्य एकाच भिंतीसमोर बसून काम करीत, हीच तेथील शिकवण होती.

ही कलाशाळा 1857 सालीं निघाली. 1879 सालीं चित्रकला हा शालेय शिक्षणाचा विषय झाला, व 1893 पासून चित्रकला-शिक्षक तयार करण्याचा वर्ग तेथें सुरू झाला. त्यामुळें हायस्कुलांतून ड्रॉइंगमास्तर दिसूं लागले. पाटीवर मुळाक्षरें गिरविणारें लहान मूल मात्र बहुधा त्यांस पारखेंच राहिलें.

अशा मास्तरांचा हात मिळाल्यानें काय घडतें, याचें उदाहरण आपल्या धुळ्याजवळच आहे. गोंदूर गांवीं 19 फेब्रुवारी 1925 रोजीं एका सुताराच्या घरीं राम सुतार यांचा जन्म झाला. जोशी नांवाच्या गुरूंनीं या मुलाचा हात ओळखला व त्यांच्या प्रेरणेनें तो मुंबईच्या कलाशाळेंत गेला. 1953 सालीं त्यास तेथें मूर्तिकामाचें मेयो पदक मिळालें. 1954 ते 1958 या वर्षांत पुरातत्त्व खात्यांत राहून त्यांनीं अजिंठा व वेरूळ येथील भग्न शिल्पांच्या दुरुस्तीचें काम केलें. 2018 सालीं उभा राहिलेला सरदार पटेलांचा 182 मीटर उंचीचा पुतळा त्यांच्याच कल्पनेचा. 2025 च्या डिसेंबरांत, शंभर वर्षें पुरीं करून, ते निवर्तले. गुरु भेटले नसते तर तो हात कोठें रमला असता, कोण सांगेल?

ज्यांस गुरु भेटत नाहीं, अशा मुलांची चिंता आम्हांस वाटते. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानें सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुलें असतील तेथेंच कलेसाठीं अंशकालीन निदेशक नेमण्यास सांगितलें आहे. पहिली ते पांचवीसाठीं तशी तरतूद नाहीं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें स्थानिक कलावंत व कारागीर यांस शाळेंत शिकविण्यास बोलवावें असें म्हटलें आहे खरें. परंतु बोलावणें धाडणारा कोणी तरी गांवांतच असावा लागतो.

कोणी म्हणेल, इतक्या लहान मुलांस चित्रकार काय शिकविणार? आमचें उत्तर असें कीं, त्यानें व्याख्यान देऊं नये; मुलांदेखत काम करावें. चुकलेली रेघ तो कशी सुधारतो, बिघडलेली माती पुन्हां कशी मळतो, हें मुलांनीं पाहावें आणि मग तीच माती त्यांच्या हातीं द्यावी. चूक झाली म्हणून काम टाकावयाचें नसतें, हा धडा पुस्तकापेक्षां तेथें लवकर उमजतो. वर्गशिक्षकानेंही शेजारीं बसावें, म्हणजे पाहुणा गेल्यावर काम थांबणार नाहीं. एका दिवसाचा समारंभ मात्र पुरणार नाहीं. आठवड्यांतील एक तास वर्षभर चालला पाहिजे.

आपल्या गांवोगांवीं कुंभार आहेत, सुतार आहेत, रंगारी आहेत. त्यांस योग्य मोबदला व मानाचें आसन देऊन शाळेंत बोलवावें, एवढीच आमची विनंती आहे. पुढील महोत्सवाचा हिशेब मांडतांना त्या तासांचीही नोंद व्हावी.